पळा पळा, वेणी सांभाळा!

पाचवा तास पीटीचा. आईने सकाळी चापूनचोपून तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या, त्यांवर लाल रिबिनीची फुलं. मैदानाची पहिली फेरी होईस्तोवर एक फूल सुटायचं आणि दुसरी फेरी एका हाताने वेणी धरून पूर्ण व्हायची. हे चित्र कितीजणींच्या ओळखीचं असेल!

लांब केसांचं आणि व्यायामाचं वैर नाही. वैर आहे ते सुटणाऱ्या रिबिनीशी, तुटणाऱ्या रबराशी आणि टोचणाऱ्या पिनेशी. बूट घेताना आपण चार दुकानं हिंडतो, केसांना मात्र हाती लागेल ते रबर लावतो. खरं तर तेही खेळाचंच साहित्य, कारण धावताना दोन्ही हात मोकळे हवेत. या चिमुकल्या साहित्याच्या या गमतीजमती.

शेपटी डावी-उजवीकडे का डुलते?

पोनीटेल बांधून धावणाऱ्या मुलीला मागून पाहा. तिचं डोकं होतं वर-खाली, पण शेपटी डुलते डावी-उजवीकडे! असं का, हा प्रश्न अमेरिकी गणितज्ञ जोसेफ केलर यांना पडला आणि २०१० साली त्यांनी त्यावर चक्क शोधनिबंध लिहिला. झोक्यावर उभं राहून उठाबशा काढल्या की झोका चढतो ना, तसाच हा प्रकार. प्रत्येक पावलाला डोकं उचललं जातं, त्यामुळे सरळ लोंबणारे केस स्थिर राहू शकत नाहीत आणि बाजूला झुलू लागतात. दोन पावलांत एक हेलकावा पूर्ण. म्हणजे शेपटी गालावर आपटते त्यात तुमच्या धावण्याचा काही दोष नाही! उपाय सोपा आहे: केस वर गुंडाळा, झुलायला लांबीच ठेवू नका.

परीकथेतला अंक

उंच मनोऱ्यातून केस खाली सोडणारी रपुंझेल आठवते? तिच्या नावाचा एक अंक विज्ञानात आहे. रेमंड गोल्डस्टीन, रॉबिन बॉल आणि पॅट्रिक वॉरन या तिघांनी २०१२ साली पोनीटेलच्या आकाराचं समीकरण मांडलं. केसांची लवचीकता, त्यांचं वजन, त्यांचा नैसर्गिक कुरळेपणा आणि एकमेकांना बाहेर रेटण्याची वृत्ती, सगळं त्यात आलं. शेपटी आखूड असेल तर ती फुलते आणि लांब असेल तर गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढून सरळ करतं. ही ओढ किती, ते 'रपुंझेल अंक' सांगतो. या तिघांना आणि केलर यांना मिळून त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा पुरस्कार.

तिपेडी वेणीतलं गणित

तीन पेड घ्या, एकावर एक टाकत जा. रोज सकाळी हात आपोआप करतात ती ही कृती गणितज्ञांना इतकी आवडली, की एमिल आर्टिन यांनी १९२५ साली वेण्यांवर अख्खा सिद्धांत रचला. मूळ जर्मन निबंधाच्या नावातच 'वेण्या' आहेत. वेणी टिकते ती घर्षणावर. प्रत्येक पेड दुसऱ्याला दाबून धरतो, त्यामुळे मोकळ्या शेपटीसारखे केस एकमेकांत गुंतत नाहीत. रबर लागतं ते फक्त टोकाला. धावण्यासाठी वेणीइतकं जुनं आणि भरवशाचं साधन दुसरं नाही, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

केस गळा कापत नाही, पण वजन उचलतो

निरोगी केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण तो साधारण १०० ग्रॅमपर्यंत वजन पेलतो. डोक्यावर असे सुमारे एक लाख केस असतात. कोरडा केस ओढला तर जवळजवळ तीस टक्के ताणला जातो. ओला केस त्याहून जास्त ताणला जातो, पण तुटतोही लवकर, कारण पाण्याने त्याच्या आतले काही बंध सैल पडतात. म्हणून पोहून आल्यावर केस करकचून बांधू नयेत. आणि व्यायामानंतर रबरात चार केस निघाले म्हणून घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं अगदी नैसर्गिक आहे.

रबर जन्माला आलं कागदांसाठी

चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. मग १७ मार्च १८४५ रोजी लंडनमध्ये स्टीफन पेरी यांनी रबरबँडचं पेटंट घेतलं. कशासाठी? कागद आणि पाकिटं एकत्र बांधण्यासाठी! मिठाईच्या पुड्याचं रबर केसांना लावू नये, याचं कारण या इतिहासातच आहे. उघडं रबर केसाला चिकटून बसतं आणि काढताना सोबत दोन-चार केस घेऊनच निघतं. केसांसाठी कापड गुंडाळलेलं रबर घ्यावं आणि त्याच्या जोडावर धातूची पट्टी नाही ना, हे बोट फिरवून पाहावं. त्या पट्टीत केस हमखास अडकतो.

पायजम्याने सुचवलेली स्क्रंची

रॉमी रेव्हसन या अमेरिकी गायिकेला धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांचा वैताग आला होता, केस तुटत होते. तिची नजर गेली पायजम्याच्या इलॅस्टिकच्या कमरेकडे. इलॅस्टिकवर कापडाच्या चुण्या, बस! १९८६ साली तिने शिलाई मशीनवर पहिला नमुना शिवला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळवलं. नाव दिलं आपल्या लाडक्या कुत्रीच्या नावावरून. तिची पूडल होती 'स्कन्ची'. मऊ कापड केसांवर ताण विभागून टाकतं, म्हणून योगासनं, चालणं, हलका व्यायाम यांना स्क्रंची उत्तम. दोरीच्या उड्यांना मात्र ती घसरते.

त्याच वर्षीचा क्लचर

गंमत म्हणजे, दातेरी जबड्याचा क्लचरही १९८६ चाच. फ्रान्सच्या ख्रिस्तियान पोतू यांची ही कल्पना. एका हाताने लावता येतो, केसाला वळ पडत नाही, स्वयंपाकघरात आणि ऑफिसात त्याला तोड नाही. पण व्यायामाला तो घरीच ठेवा. पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम करताना तो टोचतो आणि मागे पडल्यावर डोकं आणि जमीन यांच्यामध्ये कडक प्लॅस्टिक येतं.

टेलिफोनच्या वायरचं रबर

वेटोळ्याचं ते रबर बाजारात सगळीकडे दिसतं. ते सुचलं इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात शिकणाऱ्या सोफी त्रेलेस-त्वेदे या अठरा वर्षांच्या मुलीला. एका विचित्र वेशभूषेच्या पार्टीसाठी तिने टेलिफोनची वेटोळी वायर केसांना बांधली आणि तिच्या लक्षात आलं, की डोकं दुखत नाहीये! वेटोळ्यांमुळे केसांवर दाब सगळीकडून सारखा पडत नाही, ठिकठिकाणी पडतो. घामाने हे रबर भिजत नाही आणि धुऊन लगेच वाळतं. ते सैल झालं तर गरम पाण्यात टाकून पाहा, पुन्हा आकसतं.

टिकटॅकमधला मासा

बोटाने वाकवली की 'टिक', उलटी दाबली की 'टॅक'. पत्र्याच्या त्या पिनेला दोनच स्थिती ठाऊक असतात, उघडी नाहीतर बंद, मधली नाहीच. पत्रा आधीच ताणून जोडल्यामुळे त्यात ऊर्जा साठलेली असते आणि ती क्षणात सुटते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी हेच तत्त्व वापरून झपाझप पोहणारा यांत्रिक मासा तयार केला. कपाळावर येणाऱ्या आखूड बटा धरायला टिकटॅकसारखं काही नाही.

काळी पिन उलटी लावताय का?

१९२० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत मुलींनी केस आखूड कापले, त्या 'बॉब' कटामुळे पिनेचं नाव पडलं 'बॉबी पिन'. इंग्लंडात तिला 'कर्बी ग्रिप' म्हणतात, कर्बी बिअर्ड या कंपनीवरून. पिनेची एक बाजू सरळ आणि एक नागमोडी असते. नागमोडी बाजू वर ठेवली तर शोभते, पण ती खरी असते ती डोक्याच्या बाजूला लावण्यासाठी. तिचे उंचवटे केस पकडून ठेवतात. दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावल्या, तर उड्या मारल्या तरी त्या हलत नाहीत. आपल्या आज्यांचे आंबाड्याचे आकडे मात्र निराळ्या कामाचे. ते केस चिमटत नाहीत, आंबाड्याचा भार डोक्यालगतच्या केसांत अडकवून तोलतात.

टेनिस कोर्टावर तीन प्रसंग

पहिला प्रसंग १९२० च्या दशकातला. फ्रान्सची सुझान लेंग्लेन डोक्याला रंगीत रेशमी पट्टा गुंडाळून विम्बल्डनवर उतरायची. तिने तिथे एकेरीची सहा विजेतेपदं मिळवली आणि तो पट्टा तिच्या नावानेच फॅशन झाला.

दुसरा प्रसंग १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा. व्हीनस विल्यम्सच्या बारीक वेण्यांत पांढरे मणी ओवलेले होते. लिंडसे डेव्हनपोर्टविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात एक माळ तुटून मणी कोर्टावर सांडले. खेळात व्यत्यय आणल्याबद्दल पंचांनी तिचा एक गुण कापला. केसांतल्या मण्यांमुळे गुण गमावला, असा प्रसंग क्वचितच येतो.

तिसरा २०१६ चा, सिंगापूरचा. स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हाची वेणी फोरहँड मारताना सारखी डोळ्यांवर येत होती. समोर आग्नियेश्का रादवान्स्का, सामना निर्णायक सेटमध्ये. विश्रांतीच्या वेळी तिने कात्री मागवली, खुर्चीत बसल्या बसल्या आपली शेपटी कापली आणि पुढे सामना जिंकला! हिंमत अफाट. पण मला मनापासून वाटतं, एका चांगल्या रबराने तिची शेपटी वाचली असती.

केस ओढला: कुठे बाद, कुठे चालतं

जपानच्या सुमो पैलवानांचा माथ्यावरचा बुचडा हा त्यांचा मान. तो घालायला 'तोकोयामा' नावाचे खास केशकार असतात. ते सुगंधी मेणतेल लावून केस कागदी दोरीने बांधतात. वरच्या श्रेणीच्या पैलवानांचा बुचडा जिंकगोच्या पानासारखा पसरट. तो ओढणाऱ्याला बाद ठरवतात. जुलै २००३ मध्ये नागोयाच्या स्पर्धेत असाशोर्यू हा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा पैलवान, याच कारणाने कुस्ती हरला.

अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये मात्र उलटं. हेल्मेटबाहेर आलेले केस गणवेशाचाच भाग मानतात, म्हणजे ते धरून खेळाडूला पाडता येतं! ट्रॉय पोलामालू या खेळाडूला २००६ साली असंच त्याच्या लांब केसांनी खेचून पाडलं होतं. पुढे २०१० साली एका शाम्पू कंपनीने त्याच केसांचा दहा लाख डॉलरचा विमा उतरवला.

ज्युदोचा नियम मधला: लांब केस बांधलेच पाहिजेत, पण बांधायला रबरासारखंच काही हवं, धातू किंवा कडक काही नको. आणि लांब उडीत? अंतर मोजतात वाळूवरच्या सर्वांत मागच्या खुणेपासून, मग ती अंगाची असो वा अंगाला लागलेल्या कशाचीही. लोंबती शेपटी वाळूला टेकली तर कमावलेले सेंटीमीटर गेले!

आपले खेळाडू, आपले केस

मिल्खा सिंग १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावले, तेव्हा त्यांच्या माथ्यावर रुमालात बांधलेला बुचडा होता. बास्केटबॉलमध्ये मात्र शीख खेळाडूंना बराच काळ झगडावं लागलं. २०१४ च्या आशिया चषकात अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवायला लावली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियम बदलला आणि ऑक्टोबर २०१७ पासून पगडी, हिजाब यांना वाट मोकळी झाली.

नीरज चोप्राने टोकियो ऑलिम्पिकआधी आपले लांब केस कापले. पट्टा लावूनही बटा डोळ्यांवर यायच्या आणि घाम फार यायचा. आणि २०२४ चं पॅरिस कोण विसरेल? ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीआधी वजन उतरवण्यासाठी विनेश फोगाटने रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले. तरी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत राहिला. केसांचंही वजन असतं, हे त्या सकाळी साऱ्या देशाला जड मनाने कळलं.

टोपीत मावेना

पोहण्याची टोपी केस कोरडे ठेवत नाही. ती केस एकत्र धरते आणि पाण्याचा अडथळा कमी करते. म्हणून स्पर्धेतले पोहणारे अनेकदा दोन टोप्या घालतात, मधोमध चष्म्याची पट्टी. पण दाट कुरळे केस, बारीक वेण्या किंवा जटा असतील तर? त्यासाठी 'सोल कॅप' नावाची मोठी टोपी निघाली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर जागतिक जलतरण महासंघाने ती नाकारली. पुष्कळांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. टोपीचा आकार बदलला की तलावाचं दार आणखी मुलींना उघडतं! एक युक्ती: पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवा. आधीच प्यालेला केस क्लोरिनचं पाणी कमी पितो.

अंतराळातली मॅरेथॉन

१६ एप्रिल २००७ ला बोस्टनमध्ये मॅरेथॉन सुरू होती, त्याच वेळी सुनीता विल्यम्स अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर तीच शर्यत धावत होत्या. तरंगू नये म्हणून पट्ट्यांनी स्वतःला बांधून त्यांनी ४ तास २४ मिनिटांत ती पूर्ण केली. त्याआधी डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी तिथेच आपली लांब शेपटी कापून घेतली होती. ती 'डिस्कव्हरी' यानातून पृथ्वीवर आली आणि केस गमावलेल्या मुलांसाठी टोप तयार करणाऱ्या संस्थेला दान झाली. अंतराळात केसांना 'खाली' ही दिशाच नसते. मोकळे सोडले तर ते चेहऱ्याभोवती प्रभावळीसारखे उभे राहतात.

फुगडीपासून मल्लखांबापर्यंत

व्यायाम आपल्या बायकांना नवा नाही. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, पिंगा, फुगडी! फुगडी रंगात आली की वेणी अंगापासून दूर फेकली जाते, म्हणून ती कमरेला खोचायची किंवा आंबाडा घालायचा. दोरीच्या मल्लखांबावर मुली उलट्या लटकतात, दोरीचे वेढे अंगाभोवती घेतात. तिथे सुटी वेणी दोरीत अडकेल, म्हणून केस माथ्यावर गुंडाळून घट्ट बांधायचे आणि टोचणारी पिन नको. आणि आपली शब्दसंपत्ती तर पाहा: खोपा, आंबाडा, बुचडा, आकडे, चाप, जाळी, गंगावन. केस सांभाळण्याची कला आपण किती पिढ्या जपत आलो, ते हे शब्दच सांगतात.

घट्ट, पण किती?

सारखे ताणून बांधलेले केस मुळापासून सैल होतात आणि कपाळाची रेषा मागे सरकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीनलँडमधल्या बायकांमध्ये वैद्यांनी याची नोंद केली होती. अमेरिकी हवाई दलातल्या महिलांनी घट्ट आंबाड्यामुळे अर्धशिशी आणि केसगळतीच्या तक्रारी मांडल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२१ पासून तिथे वेणी आणि पोनीटेलला परवानगी मिळाली. साधी परीक्षा: भुवया उचलून पाहा. कपाळ ताणल्यासारखं वाटलं तर रबराचा एक वेढा कमी करा. रोज एकाच जागी बांधू नका, आज उंच तर उद्या मानेलगत.

कशाला काय बांधाल?

- धावणं, खो-खो, कबड्डी: वेणी घालून वर दुमडा, दोन्ही टोकांना कापडी रबर. पिना नकोत.
- सायकल: हेल्मेटखाली उंच आंबाडा मावत नाही, मानेलगत सैल वेणी घाला.
- शीर्षासन: माथा मोकळा ठेवा, मानेलगत वेणी. शवासनाला उलट: मागे काही नको, केस माथ्यावर.
- झुंबा, दोरीच्या उड्या: उंच आंबाडा, वेटोळ्याचं रबर, फुलीच्या पिना.
- बारीक बटा: मऊ कापडी पट्टा. फुटबॉलपटू अॅलेक्स मॉर्गन तर घोट्याच्या टेपखाली गुंडाळतात ती फेसाची गुलाबी पट्टी डोक्याला बांधायची.

मुलीच्या शाळेच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि बूट ठेवताना दोन चांगली रबरंही ठेवा. एक तिच्यासाठी. दुसरं तिच्या मनगटावर राहू द्या, ज्या मैत्रिणीचं फूल पहिल्याच फेरीत सुटेल तिच्यासाठी. मग दुसरी फेरी दोघी धावतील, दोन्ही हात मोकळे सोडून.